प्रतिसाद: अंदमानात समुद्र सोडून काय पाहावं?

भाऊ, वर कोणीतरी लिहिलं की जंगल तर आपल्याकडेही आहे, अंदमानात फक्त किनारेच पाहावेत. थोडं असहमत.

मी गोंदिया जिल्ह्यातल्या खेड्यातला. आमचं जंगल मार्चात खराट्यासारखं होते, पानं पायाखाली कुरकुर वाजतात. अंदमानात फेब्रुवारीतही वर पाहिलं तर आभाळ दिसेना! दक्षिण अंदमानच्या टोकावरच्या चिडिया टापूला एका झाडाखाली गोल, चपट्या, पापडासारख्या शेंगा पडलेल्या. म्हटलं, हे तर आपलं बिजाचं झाड! गाइड म्हणाला, पडौक. दोघंही एकाच कुळातले, एकाच वंशातले. समुद्रापार सोयरा भेटल्यासारखं वाटलं. फक्त हा सोयरा लयच धिप्पाड, अन् बुंध्याला भिंतीसारखी आधारमुळं.

रॉस बेटावर (आता नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप) चितळ माणसांजवळून बिनधास्त फिरतात. पण ते तिथले नव्हेत, इंग्रजांनी आणून सोडलेले. वाघ-बिबट नाही, त्यामुळं वाढले अन् जंगलातली कोवळी रोपं फस्त करत सुटले. आमच्याकडं नवेगावच्या जंगलात चितळ दिसला की खूश होणारा मी, तिथं गप्प झालो.

बाराटांग बेटाची खाडी नक्की करा, बोट कांदळवनाच्या बोगद्यातूनच जाते. खाऱ्या पाण्यातल्या मगरी असतात, हात बाहेर नको.

आणि हो, घड्याळ आपलंच पण सूर्य त्यांचा. हिवाळ्यात साडेपाचला अंधार पडते, म्हणून पहाटे पाचलाच निघा. मे अखेरीस पाऊस सुरू होते, तेव्हा जळवांसाठी तंबाखू-मीठ पुरचुंडीत ठेवा. शंख-प्रवाळ मात्र उचलू नका, विमानतळावर झडती होते.