झॉम्बी मालिका, भाग ७: चावा बसल्यावर पात्राला किती वेळ द्यावा?

प्रश्न:
माझ्या मालिकेचा सातवा भाग तीन आठवडे अडलाय. तिसऱ्या भागात पहारेकऱ्याच्या मानेला चावा बसला आणि दहा मिनिटांत तो आपल्याच माणसांवर धावून गेला. आता धाकट्याच्या घोट्याला चावा बसलाय. मला त्याच्यासाठी दोन दिवस हवेत, कारण बहीण-भावाचं बोलणं सहा भाग राहून गेलंय. पण वाचक म्हणतील, सोयीसाठी नियम बदलला. काय करू?

उत्तर १:
नियम बदलू नका, त्यामागचं कारण दाखवा. रेबीजचा विषाणू नसांतून मेंदूकडे सरकतो. चावा मेंदूच्या जितका जवळ, तितकी लक्षणं सहसा लवकर. माणसात साधारण २ ते ३ महिने लागतात, कधी आठवडा, कधी वर्षही. तुमचा रोग कितीतरी वेगवान आहे, ते चालेल. मान आणि घोटा यांतला फरक तेवढा पाळा. फक्त कुणाच्या तोंडी व्याख्यान नको. बहिणीला पहारेकरी आठवू दे, पुरे.

उत्तर २:
मी नर्स आहे. रेबीजचा संशय असेल तर पहिलं काम म्हणजे जखम साबण आणि पाण्याने १५ मिनिटं धुणं. तुमच्या पाचव्या भागात पाणी झाकणाने मोजून वाटत होते ना? ती तेच पाणी त्याच्या पायावर ओततेय, तो "बस कर" म्हणतोय, ती थांबत नाही. जे बोलायचं ते त्या १५ मिनिटांतच बोलून होईल. पुढे चाव्याच्या जागी मुंग्या, जळजळ. आणि शेवटी पाण्याची भीती: पेला ओठांशी नेला की घसा आवळतो. हे वाचताना अंगावर येतं, कारण ते खरं आहे.

उत्तर ३:
सगळे भाग वाचलेत, धाकटा जाणार म्हणून जीव तुटतोय. पण दोन दिवस नको. चौथ्या भागात स्वयंपाकिणीच्या मनगटाला चावा बसला होता, ती पहाटेपर्यंत टिकली. घोट्याला त्याहून थोडं जास्त, म्हणजे दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ. हिशोब तुमच्याच कथेत आहे.

मूळ प्रश्नकर्ता:
मनगट मी साफ विसरलो होतो! संध्याकाळ ठरली. पाणी ती सगळं ओतते, बाटलीच्या तळाशी त्याच्यासाठी घोटभर ठेवते. दुसऱ्या दिवशी ऊन उतरताना ती बाटली पुढे करते आणि तो तोंड फिरवतो. भाग तिथेच थांबवतोय. आज रात्री लिहायला बसतो.