विषय: लाइन सरकारकडे जातेय, माझ्या पासाचं काय?

नमस्कार मंडळी,

मी सध्या अमळनेरला, माहेरी. काल आईबरोबर गच्चीवर बिबड्या टाकत होते, तेवढ्यात फोनवर आमच्या तिकडच्या, इंग्लंडमधल्या रेल्वे कंपनीचा मेल आला. पुढच्या महिन्यातल्या एका रविवारपासून आमची लाइन सरकार चालवणार म्हणे. मेल भला मोठा, आभार चार वेळा मानलेत, पण पासाबद्दल एकच ओळ.

माझा वर्षाचा पास नेमका त्याच आठवड्यात संपतोय. आत्ताच इथून काढून ठेवू की थांबू? निघायच्या आदल्या दिवशी गाडी पाऊण तास लेट झाली होती, त्याचे पैसे आता कोणाकडे मागायचे? आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं: आपली भरीत पार्टी त्याच रविवारी आहे. गाड्या असतील ना?

— अमळनेरवाली वहिनी

---

वहिनी,

आमची साउथ वेस्टर्न रेल्वे २५ मे २०२५ ला सरकारकडे गेली, त्यामुळे या विषयात मी तुमचा सिनियर. सोमवारी सकाळी वोकिंगला प्लॅटफॉर्मवर गेलो तर तोच तिकीट तपासनीस, तीच गाडी, दाराशी उभं राहायची तीच जागा. नोकरांच्या नोकऱ्या कायद्यानेच लाइन चालवणाऱ्या नव्या कंपनीकडे जातात. रूळ नेटवर्क रेलचे म्हणजे आधीपासूनच सरकारी, आणि डबे बहुतेक भाड्याचे. कंपनीचं स्वतःचं असं फारसं काही नसतंच. नवीन गाड्या दिसल्या तरी हुरळून जाऊ नका. आमच्याकडच्या नव्या गाड्या २०१७ साली मागवलेल्या.

पास: चालू असलेला पास त्याच्या तारखेपर्यंत चालतो, सवलतीचं रेलकार्डही चालतं. घाईने रिन्यू करायची गरज नाही. एरवी मार्चमध्ये भाडं वाढायच्या आधी सगळे पास काढायला धावायचे (२०२५ च्या मार्चमध्ये ४.६ टक्के वाढलं होतं), पण इंग्लंडमधली नियंत्रित, म्हणजे सरकार ठरवतं ती, भाडी मार्च २०२७ पर्यंत गोठवली आहेत आणि सीझन पास त्यातच येतो. वर्षाचा पास चाळीस आठवड्यांच्या पासाच्या किमतीत मिळतो. महिना-दीड महिना गावाला राहणार असाल तर आल्यावरच काढा की! रिकाम्या दिवसांचे पैसे कशाला?

लेट गाडी: पंधरा मिनिटांना पाव भाडं, अर्ध्या तासाला निम्मं, तासाला पूर्ण. तुमची पाऊण तास, म्हणजे निम्मं. पास असल्यामुळे त्या एका फेरीचा हिस्सा धरून काढतात. चालवणारी कंपनी बदलली म्हणून दावा बुडत नाही, पण मुदत २८ दिवसांची. इथे माझा स्वतःचा अनुभव सांगतो, लाइनीचं नाव घेत नाही. तासभर लेट झालो, म्हटलं आरामात भरू. मध्ये फोन बदलला, अॅप नव्याने टाकलं, तर जुनं तिकीट गायब. बँकेची नोंद दाखवली तर म्हणाले तिकिटाचा फोटो हवा. त्या पत्रव्यवहारात एकोणतिसावा दिवस उगवला. अठरा पौंड गेले, शिवाय बायकोचं ऐकून घ्यावं लागलं ते वेगळंच. तेव्हा वहिनी, आजच्या आज गच्चीवरूनच दावा भरा. पासाचा फोटो, गाडीची वेळ, सगळं मेलमध्ये स्वतःलाच पाठवून ठेवा. कंपनीच्या बक्षिसाचे पॉइंट वगैरे साठले असतील तर तेही आधीच खर्चून टाका.

भरीत पार्टीचं मात्र अवघड दिसतंय. कोणती लाइन सरकारकडे कधी गेली, त्यातली एक गंमत बघा. आमची २५ मे, सी-टू-सी २० जुलै, ग्रेटर अँग्लिया १२ ऑक्टोबर, वेस्ट मिडलँड्स १ फेब्रुवारी २०२६. चारही रविवार! आणि रविवार म्हणजे रूळ दुरुस्तीचा वार. आमच्याकडची पहिली सरकारी गाडी पहाटे ५.३६ ला वोकिंगहून निघाली, पेपरवाले फोटो काढायला हजर, आणि लंडनच्या वॉटर्लूपर्यंतच्या प्रवासाचा एक तुकडा बसने करावा लागला. दुरुस्ती आधीच ठरलेली होती, नव्या कंपनीचा त्यात दोष नाही. पण रविवारचं वेळापत्रक आधी बघा, मग वांगी भाजा.

— आबा, वोकिंग

---

आबा, आम्ही मिडलँड्सवाले. मला तर बदल झाल्याचं तीन दिवसांनी कळलं, तेही आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. गर्दी पूर्वीइतकीच आहे, एवढा अहवाल पुरे.

— दादा, कॉव्हेंट्री

---

सर्वांना आशीर्वाद.

मुलाने मला या यादीवर घातलंय, त्यामुळे भुसावळला बसून मी तुमचं सगळं वाचतो. आज राहवलं नाही. काय घोर करी ऱ्हायनी वं माय? गाडी तीच शे.

माझे वडील इथे जी.आय.पी., म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत लागले. ती लाइन १९२५ सालीच कंपनीकडून सरकारच्या कारभारात आली होती. मग ५ नोव्हेंबर १९५१ ला मध्य रेल्वे झाली. वडील लागले एका नावाखाली, रिटायर झाले दुसऱ्या नावाखाली, आणि क्वार्टर एकच. मी १९७४ ला लागलो, रेल्वेच्या मोठ्या संपाच्या साली. तेव्हा लाइनीवर मिळालेल्या हातबत्तीच्या पितळी बुडावर जी.आय.पी.आर. कोरलेलं होतं, अक्षरं निम्मी झिजलेली. मध्य रेल्वे होऊन तेवीस वर्षं झाली होती, बत्तीला कोणी कळवलं नव्हतं! जन्मभर गार्ड म्हणून काम केलं. २०२२ ला आमच्या पदाचं नाव ट्रेन मॅनेजर केलं. पोरं अजूनही हिरवी झेंडीच दाखवतात.

आणि बेटा, तू तर अमळनेरची. लहानपणी सुरत-भुसावळ पॅसेंजरने मामाकडे यायचीस ना? ती ताप्ती व्हॅली लाइन. आधी वेगळी कंपनी, चालवायची बी.बी.सी.आय. (बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे), आता पश्चिम रेल्वे. नवापूरला त्या लाइनीवर एकाच बाकाचा अर्धा भाग गुजरातेत, अर्धा महाराष्ट्रात. जळगावला पश्चिम रेल्वे संपते आणि पुढे भुसावळपर्यंत मध्य रेल्वे. तुझी शेंगांची पुडी तिथेच कुठेतरी संपायची, पण हद्द ओलांडलेली कधी कळली का?

कळते ती तक्रार घेऊन गेल्यावर. माझ्या बहिणीची लोखंडी पेटी एकदा गाडीत राहिली. एका स्टेशनात म्हणाले, डबा तिकडच्यांचा, तिकडे विचारा. तिकडचे म्हणाले, उतरलात कुठे? मग इकडचं बघा. मी रेल्वेतला माणूस, तरी सहा दिवस गेले. पेटी सापडली, आतल्या शेवया मुंग्यांनी संपवल्या होत्या. म्हणून आबा सांगतात ते खरं आहे, कागद सांभाळ. बसायच्या जागेला मालक कळत नाही, खिडकीवरच्या बाबूला बरोबर कळतो.

खासगी आलं म्हणून सगळं बदलतं असंही नाही. आपल्याकडे ‘खासगी’ म्हणून गाजलेली लखनौ-दिल्ली तेजस २०१९ ला आयआरसीटीसी या रेल्वेच्याच कंपनीला चालवायला दिली. सवलती काढल्या, तासाभराच्या उशिराला शंभर आणि दोन तासांना अडीचशे रुपये कबूल केले, तुमच्या तिकडच्यासारखं. पण चालक आणि गार्ड रेल्वेचेच.

मला विचाराल तर वाईट वाटतं ते आमच्या पाचोरा-जामनेर पी.जे. चं. छप्पन किलोमीटर, नॅरो गेज; शेंदुर्णी, पहूरच्या लोकांची हक्काची. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये थांबली ती त्या रुळांवर पुन्हा धावलीच नाही, आता मोठ्या रुळाचं काम. तिचा मालक बदलला नव्हता, पाटीही नाही. तुला निदान मेल तरी आला.

— नाना, भुसावळ

---

नाना, नमस्कार. शेंगांची पुडी धरणगावलाच संपायची!

आबा, दावा भरला, फोटोसकट. पास आल्यावर काढेन. रविवारचं बघितलं: आपल्या हॉलच्या अलीकडे दोन स्टेशनं गाडी नाही, बस आहे. तेव्हा भरीत घरूनच भाजून आणायचं. कळण्याचं पीठ मी इथून आणते आहे, पाच किलो. मोठा टोप कोणाच्या मांडीवर बसणार तेवढं ठरवा. गेल्या वेळी बसमध्ये माझ्या साडीला तेल लागलं होतं.

— अमळनेरवाली वहिनी