माजी सैनिकांची घरपट्टी माफ, पण तिचा भार गावानेच का सोसायचा?

सुभेदार_कृष्णाकाठ
28 वर्षे सैन्यात नोकरी करून सातारा जिल्ह्यातल्या माझ्या गावी परतलो. 2020 साली ग्रामविकास खात्याने बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजना आणली आणि ग्रामपंचायत हद्दीतल्या माजी सैनिकांच्या एका घराची घरपट्टी माफ झाली. त्याआधी ही माफी शौर्यपदकवाल्यांना आणि सैनिकांच्या विधवांना होती. मी अर्ज केला, माफी घेतली, आजही घेतो. तरीही एक गोष्ट मनातून जात नाही.

माफी जाहीर केली राज्याने, पण घरपट्टी ग्रामपंचायतीची. तिच्या स्वतःच्या उत्पन्नाचा तोच कणा. आमच्या गावात साधारण 350 खातेदार आहेत, त्यातली 80 घरे फौजींची. आमच्या ग्रामपंचायतीला या माफीपोटी एक रुपयाची भरपाई आलेली नाही. म्हणजे ज्या गावाने जास्त पोरे सैन्यात धाडली, त्याचीच तिजोरी जास्त रिकामी. आमच्याच जिल्ह्यातलं अपशिंगे मिलिटरी गाव घ्या. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे 46 जवान कामी आले. शिरोळ तालुक्यातली सैनिक टाकळी घ्या, नावातच सैनिक आहे. अशा गावांचा हिशोब काय होत असेल? माफी राहू द्या, पण पैसे राज्याने भरावेत, एवढंच माझं म्हणणं.

गणपत_फौजी
सुभेदारसाहेब, जय हिंद. तुमचा मान राखून सांगतो, पटलं नाही. मी नाईक म्हणून 17 वर्षांनी बाहेर आलो, वय 37. शिपायाची पेन्शन आणि सुभेदाराची पेन्शन यांत किती अंतर आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. आज एका कारखान्याच्या गेटवर 12 तास उभा असतो. माझी वर्षाची घरपट्टी 1,400 रुपये. रक्कम मोठी नाही, पण गावाने 'मेजर, तुमचं राहू द्या' म्हणावं यात जो मान आहे तो मला हवा आहे. त्याला भार म्हणालात की उद्या ग्रामसभेत लोक आमच्याकडे बोट दाखवतील.

माजी_सरपंच_ताई
गणपतभाऊ, बोट कोणी दाखवत नाही. पण मी पाच वर्षे त्या खुर्चीत बसले आहे, वसुली काय असते ते मला विचारा. वित्त आयोगाचा निधी येतो, पण त्यातला मोठा भाग पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधलेला. ग्रामपंचायतीच्या शिपायाचा पगार, बंद पडलेली पाण्याची मोटार, दिव्यांचे बल्ब यांना हाताशी पैसा लागतो तो घरपट्टी-पाणीपट्टीचाच. आमच्याकडे एका पावसाळ्यात मोटार जळाली, दुरुस्तीला पैसे नव्हते. नऊ दिवस गाव टँकरवर होतं, आणि त्या रांगेत फौजींच्या घरच्या बायकाही होत्याच. सुभेदारांचा मुद्दा मान नाकारण्याचा नाहीच मुळी.

शेतमजुराचा_मुलगा
मला तर माफीच चुकीची वाटते. राग नाही, शांतपणे लिहितोय. कर ऐपतीवर असावा. माझे वडील आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात राबले. पेन्शन नाही, फौजींसारखी स्वस्त मालाची कँटीन नाही, ईसीएचएससारखी दवाखान्याची सोय नाही. तरी पत्र्याच्या दोन खोल्यांची पट्टी ते दरवर्षी भरतात. शेजारी निवृत्त अधिकाऱ्याचा दुमजली बंगला, त्याला शून्य. पट्टी आता घराच्या भांडवली मूल्यावर बसते, म्हणजे घर जेवढं मोठं तेवढी माफीही मोठी. हा सन्मान कुठल्या हिशोबाने? विधवा आणि जखमी जवान यांना जरूर द्या, त्यावर माझं दुमत नाही.

गणपत_फौजी
भाऊ, तुमच्या वडिलांची पट्टी माफ व्हायला हवी असं म्हणा, मी तुमच्या बाजूने ग्रामसभेत उभा राहतो. पण सियाचीनची थंडी माझ्या गुडघ्यात अजून आहे. कागदावर मी 'जखमी' नाही, म्हणून अपंगत्वाची पेन्शनही नाही. रेघ ओढलीत की माझ्यासारखे कितीतरी बाहेर पडतील.

वीरपत्नीची_लेक
माफीचा कागद मिळवायला आईला काय करावं लागलं तेही ऐका. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला, अधिवासाचा पुरावा, घराच्या नोंदीचा नमुना आठचा उतारा. घर अजून आजोबांच्या नावावर, म्हणून पहिला अर्ज परत आला. वारस नोंद करायला दीड वर्ष गेलं. तोवर आईने पट्टी भरली, एकदाही थकवली नाही. माफी कोणाला असावी यावर तुम्ही भांडता, पण जिला आधीपासून हक्क आहे तिच्या दारापर्यंत तो पोचत नाही. ग्रामसेवकांनी वर्षातून एकदा स्वतः यादी करून घरी यायला काय हरकत आहे?

अग्निवीराचा_बाप
माझा प्रश्न वेगळा आहे. 2022 च्या अग्निपथ योजनेतून थोरला भरती झाला. चार वर्षांनी शंभरातले फार तर 25 कायम होतील, उरलेले घरी येतील. हाती सेवा निधीचे 11 लाख 71 हजारांच्या आसपास येतील, त्यावर आयकर नाही. पण पेन्शन नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. म्हणजे तुमच्या या यादीत तो बसतच नाही. बंदूक तीच, बर्फ तोच. उद्या गावात दोन फौजी शेजारी राहतील, एकाची पट्टी माफ, दुसऱ्याला नोटीस. त्याला मी काय सांगू?

सुभेदार_कृष्णाकाठ
दादा, याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुमचा मुलगा माझ्या पलटणीत असता तर मी त्याला फौजीच म्हटलं असतं.

गणपत, 'भार' हा शब्द तुला लागला, तो मी मागे घेतो. मागणी मागे घेत नाही. शेतमजुराच्या मुलाने मांडलेला बंगल्याचा मुद्दा मला पटला. माफीला रकमेची मर्यादा असावी. ठराविक रकमेपर्यंत पट्टी माफ, त्यावरची ज्याची त्याने भरावी. मला स्वतःला त्यात भरावं लागेल, भरीन. ताई, 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव मांडतोय: माफीची रक्कम शासनाने दरवर्षी ग्रामपंचायतीला द्यावी, आणि वीरपत्नींची कामे ग्रामसेवकाने घरी जाऊन करावीत. मसुदा तुम्ही एकदा बघाल का?

माजी_सरपंच_ताई
बघते. पण 80 घरांची नेमकी रक्कम आधी काढून ठेवा. आकडा नसला की वर कोणी वाचत नाही.

गणपत_फौजी
आकडा काढायला रविवारी मी येतो. रकमेच्या मर्यादेला मात्र माझा विरोध राहील, तो ग्रामसभेतच बोलेन.