मदत हवी आहे: मॅमोग्राफीत 'बायरॅड्स ०' आलंय, म्हणजे काही नाही ना?

अनु_त: कुणीतरी लवकर सांगा. आईच्या मॅमोग्राफीचा, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेचा, रिपोर्ट आलाय, खाली 'बायरॅड्स ०' लिहिलंय. बाबा म्हणतात शून्य म्हणजे काही नाही, पेढे आणायला निघालेत. शिबिरात केली होती, ते लोक फोन उचलत नाहीत. गुगल करून डोकं फिरलंय, कृपया लिंका नकोत.

घाटमाथा: पेढे थांबवा. बायरॅड्स म्हणजे मॅमोग्राफीच्या निकालाचा आकडा. काही नसेल तर १ लिहितात. ० म्हणजे एवढ्या फोटोंवरून सांगता येत नाही, आणखी तपासणी करा. वय काय आईंचं? ० च्या वर काय लिहिलंय?

मोरपीस: अगं घाबरू नकोस. माझ्या जावेलाही ० आलं होतं, आठ दिवस नीट जेवली नाही बिचारी. सोनोग्राफीत पाण्याची गाठ निघाली, सुईने पाणी काढलं, विषय संपला.

निशाचर७: एवढं कशाला? सीए १५-३ ही कॅन्सरसाठीची रक्ततपासणी करून टाका. आमच्या ऑफिसच्या पॅकेजमध्ये असते, संध्याकाळपर्यंत रिपोर्ट मोबाइलवर.

घाटमाथा: @निशाचर७, ती निदानाची तपासणी नाही हो. सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये नॉर्मल येऊ शकते, आणि कॅन्सर नसताना वाढलेलीही येते. पॅकेजमध्ये काय वाट्टेल ते असतं. अनु, वय?

अनु_त: ५६. वर 'घनता सी' आहे आणि 'उजवीकडे असिमेट्री, सोनोग्राफी करावी, जुन्या फिल्मशी तुलना करावी'. जुन्या फिल्म कुठून आणू, पहिल्यांदाच केलीय. सी म्हणजे तिसरी स्टेज का??

सुईदोरा: नाही नाही. स्टेजचा काही संबंध नाही. असिमेट्री म्हणजे दोन्ही बाजू सारख्या दिसत नाहीत. ए ते डी ही घनता असते. चरबी फिल्मवर काळपट दिसते, ग्रंथी पांढऱ्या, आणि गाठही पांढरीच. सी म्हणजे पांढरं बरंच, त्यात गाठ लपू शकते, म्हणून सोनोग्राफी सांगितलीय. मी १४ वर्षं याच मशीनवर आहे. पण मॅमोग्राफी सहज करून घेतलीत, की काही लागत होतं म्हणून?

अनु_त: गाठ लागतेय म्हणून तर नेलं ना! काखेच्या बाजूला, दिवाळीपासून. दुखत नाही म्हणून ती गप्प बसली होती.

सुईदोरा: अहो, हे पहिल्या ओळीत हवं होतं! दुखत नाही हे चांगलं लक्षण नव्हे. हाताला गाठ लागत असेल तर मॅमोग्राफी नॉर्मल आली तरी थांबायचं नसतं. डॉक्टरांनी हाताने तपासलं का? बसवून हात वर करायला लावतात, कातडी कुठे ओढली जातेय का बघतात. मग झोपवून मधल्या तीन बोटांनी गळ्याच्या हाडापासून खालपर्यंत, आधी हलकं मग दाबून, आणि काखेतही. स्तनाचं एक टोक काखेत गेलेलं असतं, ते बायकांनाही माहीत नसतं.

अनु_त: कुणीही हात लावला नाही. मशीनवर उभं केलं, दहा मिनिटांत घरी.

टेम्स_काठी: आमच्याकडे इंग्लंडमध्ये पन्नाशीनंतर दर तीन वर्षांनी मॅमोग्राफीचं बोलावणं घरी येतं. भारतात हे कधी होणार?

कोथिंबीर: ज्यांना गाठ लागतेय त्यांना तुमच्या बोलावण्याचा काय उपयोग? आणि आपल्याकडे काहीच होत नाही असंही नाही. मुंबईत टाटा हॉस्पिटलने १९९८ पासून वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखावर बायकांचा अभ्यास केला. निम्म्यांची दर दोन वर्षांनी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी नुसत्या हाताने तपासणी केली. पन्नाशीपुढच्यांत स्तनांच्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले.

टेम्स_काठी: पन्नाशीपुढच्यांत. सगळ्या वयांचा मिळून फरक ठाम म्हणण्याइतका नव्हता, तेही सांगा की.

कोथिंबीर: अनुची आई ५६ ची आहे!

निशाचर७: बायोप्सी मात्र करू नका. सुई लागली की कॅन्सर पसरतो, आमच्या काकांच्या शेजाऱ्यांचं तेच झालं.

सुईदोरा: शेजाऱ्यांचं काय झालं ते मला माहीत नाही, पण या भीतीने उशीर केलेल्या बायका मी रोज बघते. गाठ काय आहे ते सुईनेच कळतं. जागा बधिर करून बारीक तुकडा काढतात, टाकाही लागत नाही. बऱ्याचदा साधी गाठ निघते आणि ऑपरेशन वाचतं. अनु, जनरल सर्जनकडे न्या, रिपोर्टसोबत फिल्मही न्या. 'हाताने तपासा, सोनोग्राफी आणि लागली तर बायोप्सी' असं स्वतःहून म्हणा.

मोरपीस: मेडिक्लेममध्ये मॅमोग्राफी बसते का कुणाच्या?

अनु_त: उद्या ११ ची वेळ मिळाली. बाबा पेढ्यांशिवाय परत आलेत, गप्प आहेत. आई विचारतेय, गुरुवार आहे, उपास सोडावा लागेल का?

सुईदोरा: उपाशी राहायची गरज नाही आणि उपास सोडायचीही नाही. खिचडी खाऊन या म्हणावं. फक्त काखेत पावडर लावू नका, मॅमोग्राफी परत काढली तर तिचे ठिपके फिल्मवर कॅल्शियमसारखे दिसतात आणि उगीच शंका येते.