जी लीगचा ऑल-स्टार सामना एनबीएच्या दारात नको, तिच्याच गावात हवा

कोर्टसाइड (सॅन होजे)

फेब्रुवारीत एनबीएचा (अमेरिकेतली सर्वांत मोठी बास्केटबॉल लीग) ऑल-स्टार वीकेंड, म्हणजे निवडक खेळाडूंच्या प्रदर्शनी सामन्यांचे दिवस, आला की माझं जुनं दुखणं वर येतं, म्हणून हा धागा.

जी लीग ही एनबीएची धाकटी लीग. २००१ ला अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या आठ संघांनिशी सुरू झाली, पुढे तिला डी-लीग म्हणू लागले. २०१७ पासून गेटोरेडच्या प्रायोजकत्वामुळे जी लीग झाली. तिचा पहिला ऑल-स्टार सामना २००७ ला लास व्हेगासमध्ये झाला आणि पुढे दरवर्षी तो एनबीएच्या वीकेंडच्या पोटातच खेळवला गेला. २०१७ नंतर तोही थांबला. २०१८ ला त्याच्याऐवजी लॉस एंजेलिसमध्ये मेक्सिकोच्या राष्ट्रीय संघाशी सामना ठेवला. २०२३ ला सॉल्ट लेक सिटीत 'नेक्स्ट अप' या नव्या नावाने तो परत आला, स्कूट हेंडरसनचा संघ विरुद्ध लुका गार्झाचा संघ.

आणि हा सामना होतो कुठे? बहुतेक वेळा कन्व्हेन्शन सेंटरमध्ये, चाहत्यांच्या जत्रेसाठी उभारलेल्या तात्पुरत्या कोर्टवर. बाजूला टोप्या-जर्सींचे स्टॉल, फोटोच्या रांगा. बसलेल्यांपैकी कितीजणांना कोर्टवरच्या खेळाडूंची नावं माहीत असतील, सांगा.

उलट आमच्या जवळच्या सांताक्रूझला (कॅलिफोर्नियातल्या) सांताक्रूझ वॉरियर्सचा साधा साखळी सामना बघा. जेमतेम अडीच हजार खुर्च्या, वर तंबूसारखं छत. पुढच्या रांगेत बसलं की पाय आखडून घ्यावे लागतात, नाहीतर साइडलाइनवरून बॉल टाकणारा अडखळेल. बेंचवरच्या बाराव्या खेळाडूलाही लोक नावाने हाक मारतात. सू फॉल्स, ऑशकॉश, मेन राज्यातलं पोर्टलंड, जी लीगच्या अशा छोट्या गावांत सगळीकडे असाच प्रेक्षक आहे. वर्षभर तिकीट काढणाऱ्या या लोकांच्या गावात त्यांच्याच लीगचा उत्सव एकदाही होऊ नये, हे मला पटत नाही. हॉकीतली धाकटी लीग, एएचएल, आपला ऑल-स्टार आपल्याच संघांच्या गावी भरवते. २०२५ ला तो कोचेला व्हॅलीत झाला. मग बास्केटबॉललाच का जमू नये?

फ्रिस्कोकर

असहमत, आणि ठामपणे. तुम्ही प्रेक्षकांच्या बाजूने लिहिलंत, मी खेळाडूच्या बाजूने लिहितो.

जेराल्ड ग्रीन आठवा. २००५ ला शाळेतून थेट एनबीएत, बोस्टनने ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) १८ व्या क्रमांकावर घेतलेला. २००७ ला लास व्हेगासमध्ये डंक स्पर्धा (उंच उडी मारून बॉल थेट कड्यात ठोकण्याची) जिंकला. म्हणजे ज्या वीकेंडला डी-लीगचा तुम्ही म्हणता तो पहिला सामना झाला, त्याच वीकेंडला हा मोठ्या कोर्टवर राजा होता. पुढे एनबीएने त्याला सोडलं, रशिया झालं, चीन झालं. २०१२ ला तो लॉस एंजेलिस डी-फेंडर्स या डी-लीगच्या संघाकडून खेळत होता. त्या फेब्रुवारीत ऑरलँडोला डी-लीगच्या ऑल-स्टारमध्ये तो सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि दोनच दिवसांत न्यू जर्सी नेट्सने त्याला दहा दिवसांच्या करारावर घेतलं. मार्चमध्ये ह्यूस्टनविरुद्ध त्याने हवेत पास झेलून हात गोल फिरवत मारलेला डंक लोक आजही बघतात. तिथून तो पुढे कित्येक वर्षं एनबीएत खेळला.

२०१७ चा सर्वोत्तम खेळाडू क्विन कुक. त्यालाही सामन्यानंतर थोड्याच दिवसांत डॅलसने बोलावलं. पुढे गोल्डन स्टेट वॉरियर्स आणि लेकर्स या एनबीए संघांत, दोन्हीकडे विजेतेपद.

एनबीएचे सगळे निर्णय घेणारे लोक त्या एका वीकेंडला एकाच शहरात असतात. जी लीगचा साधा करार २०२४-२५ ला एका मोसमाला सुमारे ४३ हजार डॉलरचा होता. त्या पगारावर बसने आणि पहाटेच्या विमानाने फिरणाऱ्या पोराला तुम्ही या लोकांपासून लांब सू फॉल्सला पाठवणार? फेब्रुवारीच्या थंडीत?

कोर्टसाइड

ग्रीनचं उदाहरण जबरदस्त आहे, ते नाकारत नाही. पण त्याला नोकरी एका सामन्याने दिली असं म्हणणं म्हणजे डी-फेंडर्ससाठी त्याने आधी गाळलेला घाम विसरणं. ऑल-स्टारमध्ये बचाव कोणी करतं का? स्काउटला (संघासाठी खेळाडू हेरणाऱ्याला) बघायचा असतो तो बचावच.

शिवाय २०१२ चं जग आता नाही. २०१७-१८ पासून टू-वे करार (एकच खेळाडू एनबीए आणि जी लीग दोन्हीकडे खेळू शकतो) आले, २०२३ पासून प्रत्येक एनबीए संघाला असे तीन खेळाडू ठेवता येतात. २०२४-२५ ला त्या कराराचे सुमारे ५ लाख ७८ हजार डॉलर मिळत होते. जो नजरेत भरतो तो फेब्रुवारीच्या खूप आधी उचलला जातो. आणि स्काउटांसाठी वेगळी सोय आहेच की! डिसेंबरमध्ये विंटर शोकेस भरतो, लीगचे सगळे संघ एकाच ठिकाणी खेळतात, एनबीएची माणसं वही-पेन घेऊन बसलेली असतात. नोकरीची परीक्षा तिथे होते. मग ऑल-स्टार निदान प्रेक्षकांचा असू द्या.

तिसरा_पास (नागपूर)

मी दोघांच्याही विरुद्ध. हा सामनाच नको. लांबच्या प्रवासात, कमी पगारात खेळणाऱ्या पोरांना फेब्रुवारीत चार दिवस घरी जाऊ द्या. प्रदर्शनी सामन्यात गुडघा गेला तर पुढच्या कराराचं काय?

मोठ्या मंचाने नोकरी मिळते या म्हणण्यावर मॅक मॅक्लंगकडे बघा. २०२३, २०२४, २०२५, सलग तीन वर्षं एनबीएची डंक स्पर्धा जिंकली, असं करणारा तो पहिलाच. शेवटच्या वेळी कारवरून उडी मारली, चारही डंकना पूर्ण ५० गुण. २०२४ ला जी लीगचा मोसमातला सर्वोत्तम खेळाडूही तोच. एवढं सगळं होऊन २०२५ च्या त्या विजयापर्यंत एनबीएत खेळलेले त्याचे सामने बोटांवर मोजता यायचे. सगळी दुनिया बघत होती, तरी संघांना त्या जागी दुसराच खेळाडू हवा होता.

मधुरा_के

तिसरा_पास, विश्रांतीचा मुद्दा मान्य, पण सामना नको हे मान्य नाही. मी पुण्याची, म्हणून जरा वेगळ्या बाजूने सांगते.

२०१५ ला आपल्याकडे यूबीए नावाची व्यावसायिक लीग निघाली होती. पुणे पेशवाज, मुंबई चॅलेंजर्स असे संघ होते, नावं किती छान! पण सामने आपापल्या शहरात आलटून-पालटून होत नसत, सगळे संघ एका ठिकाणी तळ ठोकून खेळायचे. दोन-तीन वर्षांत ती लीग थांबली. पैसा, टीव्ही, संघटनांमधली भांडणं, कारणं बरीच असतील. पण मला टोचतं ते हे की पुण्याच्या पोरांना 'हा आपला संघ, हा आपला हॉल' असं म्हणायची सवयच लागली नाही. जी लीगकडे ती सवय आहे. ज्यांच्याकडे ती आहे त्यांनी वर्षातला सगळ्यात आनंदाचा दिवस परक्या जत्रेत का घालवावा? धागाकर्त्यांशी शंभर टक्के सहमत.

फ्रिस्कोकर

मधुराताई, सवयीचं तुम्ही बरोबर लिहिलंत. पंजाबचा सतनाम सिंग भामरा २०१५ च्या ड्राफ्टमध्ये ५२ व्या क्रमांकावर डॅलसकडे आला आणि टेक्सासमधल्या आमच्या फ्रिस्कोत टेक्सास लेजेंड्स या जी लीगच्या संघाकडून खेळला. त्याला फार मिनिटं मिळत नसत. तरी पंजाबी, मराठी, तेलुगू घरं मुलांना घेऊन यायची आणि तो वॉर्म-अपला आला की मुलं रेलिंगला चिकटायची. घरचा हॉल काय देतो ते मी पाहिलंय.

तरीही माझं मत तेच. मॅक्लंगला जागा मिळाली नाही म्हणून ग्रीन आणि कुकला मिळालेली खोटी ठरत नाही. दहातल्या एकाला जरी दार उघडत असेल, तर ते माझ्या करमणुकीसाठी बंद करू नये.

कोर्टसाइड

दार बंद करा असं मी म्हणतच नाही. सामना एनबीएच्या वीकेंडआधीच्या सोमवारी किंवा मंगळवारी ठेवा, दरवर्षी वेगळ्या संघाच्या हॉलमध्ये. निवडलेले चोवीसजण तिथून पुढे एनबीएच्या शहरात जाऊ देत, कवायती आणि भेटीगाठी तिथे करू देत. बाकीच्यांना आठवडाभर सुट्टी, म्हणजे तिसरा_पास यांचाही मुद्दा बराचसा सुटतो. पहिलं यजमानपद ऑशकॉशला द्या. आसपासची गावं धरली तरी हॉल भरेल याची मला खात्री आहे.

तिसरा_पास (नागपूर)

सुट्टी आठवडाभर असेल तर माझा विरोध अर्धा. पण दुखापतीचा विमा आणि त्या चोवीसजणांना वेगळं मानधन, हे आधी लिहून घ्या. गाव कुठलं ते नंतर ठरवू.