मुलांना गोष्टीतून निसर्ग सांगताना: तुमचे अनुभव लिहा

'पाणी जपा, झाडं तोडू नका' हे सांगून सांगून आपण थकतो आणि मुलं कंटाळतात. गोष्ट मात्र ती चार वेळा ऐकतात. तुम्ही कोणत्या गोष्टी सांगितल्यात? जमलेलं लिहा, फसलेलंही लिहा. सुरुवात मी करते.

लेक सहा वर्षांची असताना गांडूळ दिसलं की काठीने डिवचायची. मग रोज रात्री एका गांडुळाची गोष्ट सुरू केली. त्याला डोळे नाहीत, दात नाहीत, तरी रात्री वर येऊन ते वाळलेलं पान ओढत बिळात नेतं आणि त्याची माती करतं. पुढे एकदा पाऊस थांबून ऊन पडलं, तर ही अंगणातल्या फरशीवर उकिडवी बसलेली. एक गांडूळ पानावर अलगद घेऊन कुंडीत सोडत होती. म्हणाली, "आई, ते कातडीने श्वास घेतं ना? सुकलं तर गुदमरेल."

*

माझी गोष्ट फसली. समुद्री कासव पिशवीला जेलीफिश समजून गिळतं आणि मरतं, एवढंच सांगून मी दिवा मालवला. पाच वर्षांचा मुलगा दोन रात्री रडला. चूक माझीच, इतक्या लहान मुलाला नुसतं मरण सांगून सोडायला नको होतं. तिसऱ्या रात्री म्हटलं, आता पुढचं तू सांग. अंड्यातून निघालेली पिल्लं उजेडाच्या दिशेने समुद्राकडे धावतात, किनाऱ्यावरच्या दिव्यांनी भलतीकडे जातात, हे त्याला ठाऊक होतं. त्याच्या गोष्टीत एका मुलाने सगळे दिवे बंद केले. मग शांत झोपला.

*

मी सातवीला शिकवते. या वयाला खरी गोष्ट झेपते. उत्तर अमेरिकेत पॅसेंजर पिजन नावाची कबुतरं अब्जावधी होती. बेसुमार शिकार झाली, जंगलं तुटली. शेवटची मादी, मार्था, 1 सप्टेंबर 1914 रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. वर्ग गप्प. मग मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, शंभर उरली तेव्हा कुणीच कसं थांबलं नाही?" मला उत्तर देता आलं नाही.

*

नातवाला पानाची गोष्ट सांगितली: गळलं, कुजलं, माती झालं, त्यातून रोप आलं. मग म्हणाला, आता या बिस्किटाच्या वेष्टनाची सांगा. कचऱ्यात गेलं, म्हटलं. "मग?" तिथेच पडलं. "मग?" तिथेच. "मग?" अजून तिथेच आहे. पोरगं चिडलं. "आजोबा, ही काय गोष्ट झाली?"