आत्महत्येचे विचार: विशीत, चाळिशीत, साठीनंतर काय बघायचं?

निफाडची गटताई: बचत गटाच्या बैठकीत या विषयावर बोलायचंय. वयाप्रमाणे कारणं बदलतात का?

समुपदेशक, गंगापूर रोड: बदलतात. पण आधी कधी प्रयत्न झालाय का, हे कुठल्याही वयात पहिलं विचारा. सगळ्यात ठळक खूण तीच. विशीत निकाल, प्रेमभंग, त्यात दारू. विचार आणि कृती यांत वेळ फार थोडा. चाळिशीत कर्ज, व्यसन, घरातली मारहाण एकावर एक साचतात. साठीनंतर जोडीदार जाणं, सततचं दुखणं, ‘मी ओझं झालोय’ ही भावना. म्हातारी माणसं ‘उदास वाटतं’ म्हणत नाहीत. झोप नाही, घास उतरत नाही म्हणतात. आपण ‘वयच झालं’ म्हणून सोडून देतो, हे फार वाईट.

आपल्या द्राक्षपट्ट्यात तर फवारणीची औषधं घरात नकोत. कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे. या विचारांची तीव्र लाट बऱ्याचदा ओसरते, तेवढा वेळ मिळायला हवा. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं सरळ विचारा, त्यानं विचार डोक्यात शिरत नाही. हो म्हणाले तर एकटं सोडू नका. टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन: १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतही.

परिचारिका: प्रयत्नानंतर दवाखान्यातून घरी आल्यावरचे पहिले ३ महिने जपा. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला २ ते ४ आठवडे, कधी जास्तही लागतात. तिथेच लोक बंद करतात. पोलिसांच्या भीतीनं लपवू नका, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ शिक्षेपासून संरक्षण देतं.